पिंपातलं डिझेल आणि मनातला संशय



मागच्या महिन्यात एका गटाच्या अध्यक्ष ताई भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही रेडिओवर खताचं सांगता, बियाण्याचं सांगता, एकदा डिझेलच्या चोरीचंही सांगा. आमचं पिंप दर आठवड्याला हलकं होतंय, आणि आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतोय." मी म्हटलं, सांगते. घरी येऊन विचार करायला बसले तेव्हा लक्षात आलं, की कुलूप कुठलं घ्यायचं हे सांगायला दोन मिनिटं पुरतील. अवघड आहे ते त्या ताईंच्या वाक्यातलं दुसरं, एकमेकींच्या तोंडाकडे बघण्याचं. ते आमच्या गटात घडून गेलंय. म्हणून आधी तेच सांगते.

आपल्या शिवरे गावाकडच्या, नाहीतर एकूणच भोर-वेल्ह्याच्या शेतात पूर्वी डिझेल लागायचं ते एखाद्या इंजिनाला. आता चिखलणीला पॉवर टिलर, नांगरटीला ट्रॅक्टर, मळणीला यंत्र, कोंबड्यांच्या शेडवर जनरेटर. बऱ्याच गटांनी अवजार बँक सुरू केली, आमच्या गटानंही केली. जुलैत पाऊस लागला की सगळ्यांची भातखाचरं एकाच आठवड्यात तयार होतात आणि प्रत्येकीला टिलर आजच हवा असतो. तेव्हा दर वेळी पंपावर कोण पळणार? म्हणून आम्ही दोनशे लिटरचं एक पिंप भरून एका सदस्येच्या पडवीत ठेवलं. त्याला कुलूप नव्हतं. हातपंप पिंपालाच लावलेला असायचा. चालक भाऊ लागेल तसं डिझेल काढायचे आणि संध्याकाळी तोंडी सांगायचे, आज एवढं टाकलं.

ऑगस्टमध्ये कुणीतरी म्हणालं, पिंप लवकर संपतंय. हिशेब मांडला तर दोनशे लिटरमधल्या एकशे साठेकचाच पत्ता लागला. बाकीचं गेलं कुठं? चालकाच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण बैठकीत ती येताच बोलणं थांबायला लागलं. ती म्हणजे त्याची बायको, आमच्याच गटातली. तिला कळायचं ते कळलं. चार दिवसांनी तो सकाळी आला, टिलरची किल्ली ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, दुसरा माणूस बघा."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. पण खरं सांगू का, तो संन्यासी आहे की चोर, हे आमच्यापैकी एकीलाही माहीत नव्हतं. माहीत होण्यासारखं आमच्याजवळ काही नव्हतंच. बचतीचे शंभर रुपये आपण दोघींच्या सहीशिवाय हलवत नाही, आणि अठरा हजारांचं डिझेल पडवीत उघडं ठेवलं होतं. हो, अठरा हजार. लिटरला 90 रुपयांच्या आसपास भाव धरला तर दोनशे लिटरचे तेवढेच होतात.

तो गेल्यावरही डिझेल कमी होत राहिलं. तेव्हा आम्ही वही घातली.

आता ही वही कशी घालायची ते नीट ऐका, कारण आजच्या बोलण्यातलं सगळ्यात कामाचं हेच आहे.

एक सरळ पट्टी घ्यायची, लाकडी किंवा ॲल्युमिनियमची, पिंपापेक्षा हातभर लांब. तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा करायच्या. पिंप सपाट जागी सरळ उभं हवं. बूच काढून पट्टी सरळ तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर काढायची आणि ओली खूण कुठपर्यंत आली ते बघायचं. दर वेळी त्याच बुचातून, त्याच जागी. दोनशे लिटरच्या नेहमीच्या पिंपाचा आतला व्यास साधारण 57 सेंटीमीटर असतो, म्हणजे पिंप उभं असताना एका सेंटीमीटरला अडीच लिटरच्या जरा वर डिझेल बसतं. पिंप आडवं ठेवलं असेल तर हा हिशेब लागू पडत नाही. तिथं तळाशी आणि वरच्या बाजूला एका सेंटीमीटरला कमी बसतं, मध्ये जास्त. तुमची टाकी वेगळ्या आकाराची असेल तर ती भरताना वीस-वीस लिटर मोजून ओता आणि दर वेळी पट्टीवर खूण करा. एकदाच करायचं काम आहे, पण मग ती पट्टी तुमच्या टाकीची झाली.

मोजायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. यामागे एक कारण आहे आणि ते सगळ्यांना माहीत असायला हवं. डिझेल तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. दहा अंशांचा फरक पडला तर दोनशे लिटरमध्ये दीड लिटरच्या वर फरक दिसतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीनला मोजलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोजलं, तर कुणीही हात न लावता पट्टीवर अर्धा-पाऊण सेंटीमीटर कमी भरेल. एवढ्यावरून कुणाचं नाव घ्यायचं नाही. आमच्या हातून हेही झालं असणार असं मला आता वाटतं, कारण तेव्हा ज्याला सवड मिळेल तो, मिळेल तेव्हा काठी बुडवून बघायचा.

पावसाळ्यात उलटा घोटाळा होतो. उघड्यावर उभं पिंप असेल तर त्याच्या माथ्यावर कडेच्या आत पाणी साचतं. दिवसा पिंप तापतं, रात्री गार होतं, आणि गार होताना बुचाच्या फटीतून ते पाणी आत ओढलं जातं. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी जाऊन बसतं. मग पट्टी सांगते पिंप भरलंय, आणि टिलर मध्येच धूर सोडून बंद पडतो. कुणी डिझेल काढून वर पाणी घातलं असेल तरी हेच दिसेल. म्हणून महिन्यातून एकदा नळीनं तळाजवळचं थोडं डिझेल पंपानं काढून काचेच्या पांढऱ्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी असलं तर खाली वेगळा थर दिसतो. पिंपावर छप्पर हवं, आणि ते विटांवर किंवा लाकडी फळ्यांवर ठेवलेलं हवं, जमिनीला टेकलेलं नको. तळ गंजला की कळत नाही आणि झिरपलेलं डिझेलही चोरीच्या खात्यात पडतं.

आता वही. तारीख, वेळ, पट्टीवरचे सेंटीमीटर, किती आणलं, किती काढलं, कुठल्या यंत्रात, किती तास चाललं, आणि दोघींच्या सह्या. दोघी दर आठवड्याला बदलायच्या. एकच बाई कायम मोजत असेल तर उद्या संशय तिच्यावर येईल, मग पहिल्यापेक्षा वाईट.

यंत्र तासाला किती पितं तेही आपण स्वतः मोजायचं. टाकी काठोकाठ भरायची, चार-पाच तास काम करायचं, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्या वेळी जेवढं लागलं त्याला तासांनी भागायचं. नांगरटीला वेगळं, चिखलणीला वेगळं, नुसत्या ट्रॉलीला वेगळं. तीन-चार वेळा मोजलं की आपला आकडा आपल्याला पाठ होतो. मग कुणी म्हणालं, आज तीन तासांत पंधरा लिटर गेलं, तर ते जड जमिनीमुळे, इंजिनाच्या बिघाडामुळे की आणखी कशामुळे, हे शांतपणे विचारता येतं. आकडा हातात नसला की आवाज चढतो.

आमच्या वहीनं दीड महिन्यात काय दाखवलं ते सांगते. डिझेल रोज थोडं थोडं कमी होत नव्हतं. पाच-सहा दिवस हिशेब बरोबर, मग एकदम पंधरा-वीस लिटरचा खड्डा, पुन्हा पाच-सहा दिवस बरोबर. त्या खड्ड्यांच्या तारखा काढल्या. एकदा त्या घरची सगळी लग्नाला गेली होती. एकदा दशक्रियेला. एकदा रात्री भजनाला. म्हणजे घर रिकामं आहे हे ज्याला आधी कळत होतं, तोच येत होता, आणि एका कॅनमध्ये मावेल एवढंच नेत होता. तो कोण होता? आजही ठाऊक नाही. पण आमचा चालक त्यातल्या दोन तारखांना गावातच नव्हता. हे आम्ही वहीत वाचलं तेव्हा बैठकीत कुणी काही बोललं नाही.

ज्या दिवशी पिंप दुसऱ्या जागी हलवलं आणि रोज सकाळी दोन बायका पट्टी घेऊन तिथं जाताना गावानं बघितलं, त्यानंतर खड्डा पडला नाही. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. आपण मोजतो, हे त्याला दिसलं एवढंच पुरलं असावं.

आता जागेचं आणि कुलपाचं. आपल्या भागात पुणे-सातारा रस्ता शिवारांना लागून जातो. येणारी-जाणारी गाडी रात्री दोन मिनिटं थांबली तर कुणाला वेगळं वाटत नाही. म्हणून पिंप, टाकी, ट्रॅक्टर, यातलं काहीही रस्त्यावरून दिसायला नको आणि घरातून मात्र दिसायला हवं. बरेच जण उलट करतात, सोयीचं म्हणून रस्त्याच्या कडेच्या शेडमध्ये ठेवतात. दारं असलेली, कुलूप लावता येणारी खोली असेल तर उत्तम. पण ती स्वयंपाकघराला लागून नको, चुलीपासून, विजेच्या बोर्डापासून आणि गोठ्यातल्या पेंढ्यापासून लांब हवी, आणि हवा खेळती हवी. खोलीचं कुलूप एक आणि किल्ल्या दोन, दोन घरांत.

हातपंप पिंपाला लावून ठेवू नका. काम झालं की काढून घरात न्या. नुसत्या बुचाचं पिंप रिकामं करायला चोराला नळी आणि वेळ दोन्ही लागतात, हातपंप असला की आपणच त्याची सोय करून ठेवलेली असते. टाकीला तोटी असेल तर तिलाही कुलूप घालता येईल अशी घ्या. अर्धं भरलेलं पिंप दोन माणसं सहज गडगडवत नेतात, तेव्हा साखळीनं खांबाला बांधा.

ट्रॅक्टरच्या टाकीला किल्लीचं झाकण मिळतं. टाकीच्या तोंडात बसवायची जाळीही मिळते, तिच्यामुळे नळी आत जात नाही. रात्री ट्रॅक्टर लावताना टाकीच्या झाकणाची बाजू भिंतीकडे करा, याला तर पैसेही लागत नाहीत. शेतात रात्रभर ट्रॅक्टर सोडायची वेळ आलीच तर टाकीत उद्या सकाळपुरतं ठेवा. सौरऊर्जेवरचा, हालचाल झाली की पेटणारा दिवा बसवा. तो घरासमोर नको, पिंपाच्या वाटेवर हवा. सिम कार्डाचे कॅमेरेही आलेत, ज्यांना परवडेल त्यांनी घ्यावेत, पण आधी पट्टी आणि वही, मग कॅमेरा. कॅमेऱ्यात दिसलेला माणूस काय घेऊन गेला आणि किती, हे सांगायला शेवटी वहीच लागते. आणि कुत्रं. कुत्रं पाळा, पण त्याला रात्री सोडा. बांधलेलं कुत्रं भुंकतं आणि आपण कूस बदलतो.

सगळ्यात सोपा उपाय मात्र साठा कमी ठेवण्याचा. जे नाही ते चोरीला जात नाही. मार्च 2018 मध्ये इंडियन ऑइलनं पुण्यात घरपोच डिझेल द्यायला सुरुवात केली, आता अशा टँकर गाड्या फिरतात. एका घरासाठी गाडी येणार नाही, पण चार गावांच्या गटांनी मिळून चिखलणीच्या आठवड्यात मागणी केली तर येता का, हे विचारून बघायला हरकत नाही. आलीच तर सरळ यंत्रांच्या टाक्या भरून घ्यायच्या.

साठवायचंच असेल तर कायदा काय म्हणतो तेही ऐका. पेट्रोलियम कायदा 1934 चा आहे. त्याप्रमाणे डिझेल एका ठिकाणी एकूण 2,500 लिटरपर्यंत असेल आणि एकाही भांड्यात 1,000 लिटरपेक्षा जास्त नसेल, तर त्याला परवाना लागत नाही. आपला गट त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा कुणी परवान्याची भीती घातली तर घाबरू नका. पेट्रोलचं वेगळं, तिथं बिनपरवाना मर्यादा 30 लिटर आहे, तीही विक्रीसाठी नसलेल्या साठ्याला. गवत कापायच्या मशीनला, फवारणी पंपाला पेट्रोल लागतं म्हणून घरात बाटल्या भरून ठेवतात, ते बंद करा. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल किंवा डिझेल कधीच नको. पोरं पितात. प्यायलंच तर उलटी काढायला लावू नका, उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. लगेच दवाखान्यात न्या आणि बाटली सोबत न्या. नळी तोंडात धरून डिझेल ओढायची सवय गड्यांना असते, तीही याच कारणासाठी मोडायला हवी.

चोरी झालेल्या डिझेलपेक्षा कधी कधी सांडलेलं जास्त महाग पडतं. चोर अंधारात घाईनं तोटी उघडतो आणि पळताना ती बंद करत नाही. 2021 मध्ये साताऱ्याकडे, फलटण तालुक्यातल्या सासवड गावात हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर वाहिनी चोरट्यांनी फोडली. पेट्रोल शेतात पसरलं, पिकाचं नुकसान झालं, जमिनीतून विहिरीत उतरलं. ते मोठ्या टोळीचं काम होतं, आपलं पिंप त्यापुढे काहीच नाही. पण विहिरीला एवढं-तेवढं कळत नाही. पिंप विहिरीपासून, बोअरपासून आणि ओढ्याच्या उतारापासून लांब ठेवा, भोवती विटांचा टीचभर बांध घाला, आतून सिमेंटनं लिंपा. सांडलंच तर पाण्यानं धुऊ नका. माती, राख किंवा भुसा टाकून शोषून घ्या आणि उचला.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगते. रात्री आवाज आला, चोर दिसला, तर एकटीनं बाहेर जायचं नाही. घरच्या पुरुषालाही काठी घेऊन पळू द्यायचं नाही. 25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला काय झालं ते आपल्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे इंधनात भेसळ करणाऱ्यांना अडवायला गेले आणि त्या लोकांनी त्यांना जिवंत जाळलं. भरदिवसा, सरकारी अधिकाऱ्याला. इंधनाजवळ पेटवायला काडी पुरते. वीस लिटर डिझेल जाऊ द्या. आतून दिवे लावा, मोठ्यानं ओरडा, शेजाऱ्यांना फोन करा, 112 ला फोन करा. गाडीचा नंबर खिडकीतून दिसला तर लिहून ठेवा.

ज्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा चालू आहे तिथं एका टोल फ्री नंबरवर बोललेलं एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर ऐकू जातं. तो नंबर ग्रामपंचायतीतून घ्या आणि गटातल्या सगळ्यांचे नंबर त्यात नोंदवले आहेत का ते बघा. बहुतेक घरांतून नवऱ्याचाच नंबर दिलेला असतो, आणि तो रात्रपाळीला कंपनीत असतो.

चोरी झाल्यावर तक्रार द्यायची. "एवढ्याशासाठी कुठं पोलिसांत जायचं" हे मी शंभरदा ऐकलंय. इथं थोडा नवा कायदा सांगते, कारण त्यात आपल्या कामाची मेख आहे.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. साधी चोरी तिच्या कलम 303 मध्ये येते. पण चोरलेल्या मालाची किंमत 5,000 रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा आता अदखलपात्र धरला जातो. म्हणजे ज्याला आपण एनसी म्हणतो ती नोंद होते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आता हिशेब करा. 90 रुपयांनी पंचावन्न लिटर डिझेलचे 4,950 रुपये. एका कॅनची चोरी जवळजवळ नेहमी या रेषेच्या खालीच राहते.

पण त्याच कायद्यात कलम 305 आहे. माणसं राहतात अशा, किंवा वस्तू जपून ठेवण्यासाठी वापरलेल्या इमारतीतून चोरी झाली, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा झाडाखाली ठेवलेल्या पिंपातली चोरी आणि बंद खोलीत ठेवलेल्या पिंपातली चोरी या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलूप चोराला अडवतं हे खरंच, पण कुलूप तोडून नेलं तर आपली तक्रारही जड होते. तक्रारीत डिझेल कुठं ठेवलं होतं, दार कसं होतं, कुलूप कसं तोडलं, हे स्वच्छ लिहा. डिझेलबरोबर कॅन, हातपंप, झाकण जे काही गेलं असेल त्या प्रत्येकाची खरी किंमत लिहा. फुगवून लिहू नका, उलटतपासणीत तेच अंगावर येतं. वहीच्या त्या पानाची झेरॉक्स जोडा. सकाळी सहाला 62 सेंटीमीटर होतं, दुसऱ्या सकाळी 54 भरलं, मध्ये काढल्याची नोंद नाही, आणि खाली दोघींच्या सह्या. अशी तक्रार कुणी सहज बाजूला सारत नाही.

शिवरे परिसराला नसरापूरचं राजगड पोलीस ठाणं जवळचं. पण दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवून घेत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवायचा. आणि आधी पोलीस पाटलांना सांगा. एकट्या बाईनं जाण्यापेक्षा गटाच्या चौघींनी ठराव घेऊन जावं, खुर्ची लवकर मिळते.

राहिलं विकत घेणाऱ्यांचं. चोरलेलं डिझेल चोर पीत नाही, ते कुणीतरी घेतं. लिटरला वीस रुपये कमी घेऊन दारात कॅन आणणारा माणूस तुम्ही बघितला असेल. त्याचं डिझेल एक तर कुणाच्या तरी टाकीतलं असतं, नाहीतर भेसळीचं. भेसळीनं टिलरचा नोझल आणि पंप गेला की वाचवलेल्याच्या कितीतरी पट दुरुस्तीला जातात. आणि चोरीचा माल आहे हे कळत असून घेतला तर घेणाराही गुन्हेगार, त्याला कलम 317 आहे. आमच्या गटानं ठरवलं, पावतीशिवाय एक लिटरही घ्यायचं नाही, आणि पावती वहीला टाचायची. घरच्या पुरुषांना हे पटवायला वेळ लागला. माझ्या घरी तर अजून अधूनमधून विषय निघतो.

त्या अध्यक्ष ताईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग तुमचा तो चालक परत आला का?"

नाही आला. आम्ही तिघी वही घेऊन त्याच्या घरी गेलो होतो. तारखा दाखवल्या, चुकलं म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला. तोवर तो दुसरीकडे जेसीबीवर लागला होता, पगारही जास्त होता. बायको मात्र गटात राहिली. वर्षभर ती बैठकीत दाराजवळच बसायची. आता मोजायच्या पाळीत तिचंही नाव आहे. गेल्या सोमवारी तिची पाळी होती, पट्टीवर 41 सेंटीमीटर भरलं. हिशेबाप्रमाणेही 41 च हवं होतं. तिनं सही केली आणि बूच लावून किल्ली दुसरीकडे दिली.